कुणीतरी साफ केलेलं पिस्तूल

१

पिस्तुलाची नळी स्वच्छ होती, आणि ते पाहून मी घाबरलो.

स्वतःचं पिस्तूल स्वच्छ आहे म्हणून घाबरणारा नेमबाज जगात मी एकटाच असेन. पण मला माझी स्वच्छता ठाऊक आहे. मी नळीतून एकदा चिंधी फिरवतो, तेलाचा थेंब सोडतो आणि पुरे झालं म्हणून पेटी बंद करतो. आत डोकावलं की कडेला शिशाची राखाडी छटा हमखास दिसते. सर्दीमुळे आठवडाभर मी रेंजवर आलो नव्हतो. त्या बुधवारी सकाळी आलो, तर ती छटा नव्हती. मी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. नळी आतून लखलखत होती.

आमच्या रेंजवर सगळ्यांची शस्त्रं एका कुलूपबंद खोलीत राहतात. आल्यावर पेटी घ्यायची, जाताना परत करायची. माझं पिस्तूल पॉइंट टू टू बोअरचं, फक्त स्पर्धेसाठी घडवलेलं. एक गोळी सुटली की दुसरी आपोआप नळीत चढते, ट्रिगर मात्र दर वेळी आपणच ओढायचा. मूठ अक्रोडाच्या लाकडाची, हाताच्या मापाने कोरलेली. तिच्या तळाशी एक छोटी फळी असते, ती स्क्रूने वरखाली करता येते आणि तळहाताला खालून आधार देते.

इतक्या देखण्या वस्तूचा मालक मी असावा, याचं मला अजूनही नवल वाटतं. उभा जन्म मी एका छापखान्यात मुद्रितं तपासली. निवृत्त झाल्यावर मुलगी म्हणाली, "बाबा, जरा माणसांत जा." मी नेमबाजी निवडली, कारण तिथे सगळ्यांच्या कानांवर आवाज अडवणारे जाड मफ्स असतात आणि कुणी कुणाशी बोलत नाही.

मी फायरिंग लाइनवर उभा राहिलो आणि पिस्तूल हातात घेतलं. फळीने तळहाताला खालून चिमटा काढला. हे कधी होत नाही.

पाच गोळ्या झाडल्या. माझ्या गोळ्या नेहमी डावीकडे आणि खाली जातात, त्याची मला आता लाजही वाटत नाही. पण आज पाचही सरळ डावीकडे गेल्या होत्या, काळ्या वर्तुळाच्या पार बाहेर. खाली एकही नाही.

मागची साईट, म्हणजे नेम धरायची खाच, पाहिली. तिच्या बाजूला एक बारीक पट्टी असते आणि मधल्या रेघेवर काटा असतो. माझा काटा मी आजवर कधी हलवलेला नाही. तो आज डावीकडे सरकलेला होता. उंचीचा स्क्रूही फिरवलेला होता.

मी पिस्तूल रिकामं करून ठेवलं आणि सचिवांच्या खोलीकडे निघालो. जाताना एक विचार मनात आला आणि मी दारातच थांबलो.

हे सगळं मीच करून विसरलो असलो तर?

२

आमच्या सचिवांना सगळे मागून 'नियमसाहेब' म्हणतात. त्यांना ते माहीत आहे आणि मनातून आवडतंही. त्यांनी माझं सगळं शांतपणे ऐकलं, टेबलावरची टाचणी टाचण्यांच्या डबीत टाकली आणि म्हणाले, "म्हणजे चोरी काहीच नाही?"

"नाही."

"मोडतोड?"

"नाही. उलट कुणीतरी साफ केलंय."

"काका, साफ केल्याची तक्रार मी काय म्हणून लिहू?" मग त्यांचा आवाज मऊ झाला, आणि मला ते जास्त लागलं. "हे बघा. खोलीच्या किल्ल्या तिघांकडे. मी, मिस्त्री आणि कोचबाई. दुसऱ्याच्या लायसन्सचं शस्त्र परस्पर कुणी वापरलं असेल, तर मला वर कळवावं लागेल. चौकशी होईपर्यंत रेंजला कुलूप. आणि कुणी वापरलं नसेल, तर…"

"तर मी विसरलो."

ते खिडकीबाहेर पाहू लागले. "तुमच्या लायसन्सचं नूतनीकरण आलंय. मला शिफारस लिहून द्यायची आहे की हा माणूस शस्त्र बाळगायला सर्व बाजूंनी ठीक आहे. परवा तुमच्या मुलीचा फोन आला होता."

"माझ्या मुलीचा?"

"काळजीपोटी. घरी गॅसवर दूध तसंच राहिलं म्हणे. भांडं जळालं." त्यांनी घसा साफ केला. "शनिवारी कमिटीची बैठक आहे. तोपर्यंत मला सांगा. कुणीतरी वापरलं, की तुम्ही विसरलात. दोन्हीपैकी एक."

कुणीतरी वापरलं म्हणावं तर रेंज बंद. विसरलो म्हणावं तर पिस्तूल गेलं. आणि पिस्तुलापेक्षा वाईट म्हणजे, त्यानंतर घरातला प्रत्येक जण माझ्याशी नियमसाहेबांच्या त्या मऊ आवाजात बोलणार.

बाहेर व्हरांड्यात डेंटिस्ट मॅडम हातमोजे काढत होत्या. आमच्या क्लबच्या सर्वांत चांगल्या नेमबाज. लहान चणीच्या, पण हात असा स्थिर की मनगटावर चहाचा कप ठेवावा. त्यांनी मागे दोनदा माझं पिस्तूल विकत मागितलं होतं.

"मॅडम, तुम्ही माझं पिस्तूल कधी… म्हणजे… सहज म्हणून…"

"चालवलं का? तुमच्या त्या मुठीवर?" त्या हसल्या. "काका, मला द्याल त्या दिवशी उघड घेईन आणि पेढे देईन, नाही, तुमच्या कवळीचा खर्च माफ करीन. चोरून कशाला?"

"माझे दात माझेच आहेत."

"तेवढीच माझी अडचण आहे," असं म्हणून त्या गेल्या.

मिस्त्रींची खोली रेंजच्या टोकाला. शस्त्रं दुरुस्त करणं आणि लाकडी मुठी कोरणं हे त्यांचं काम. भिंतीवर खिळ्यांना कागद टांगलेले असतात. मूठ करायला आलेल्याचा हात मिस्त्री कागदावर पालथा ठेवतात आणि भोवती पेन्सिल फिरवतात. भिंत पंज्यांनी भरलेली. सगळ्यांचे अंगठे डावीकडे, सगळे मिळून जणू एकाच बाजूला रस्ता दाखवताहेत. मधल्या रांगेतल्या एका नाजूक पंज्याचा अंगठा तेवढा उजवीकडे होता. कागद उलटा टांगला असेल, असं मला वाटलं. उलटं दिसलं की सरळ करायला माझे हात शिवशिवतात, जुनी खोड. पण दुसऱ्याच्या भिंतीला हात कसा लावायचा?

मिस्त्री कानशीने काहीतरी घासत होते. पंजा असा रुंद की कानस त्यात काडीसारखी दिसावी.

"मिस्त्री, माझ्या पिस्तुलाला हात लावलात का हल्ली?"

"तुम्ही दिलंत का दुरुस्तीला?"

"नाही."

"मग कशाला लावीन? मला काय कामं कमी आहेत?"

त्यांनी कानस पुन्हा चालवायला घेतली, त्याच हाताने. तेव्हा माझ्या लक्षात आलं की तो हात डावा होता. त्या क्षणी मात्र मला त्याचा काहीच अर्थ लागला नाही.

३

घरी आल्यावर मुलीने ताट वाढलं आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "बाबा, ते पिस्तूल आता परत करून टाका ना."

"का गं?"

"वय झालं की माणूस विसरतो. त्यात लाज कसली? पण दूध विसरणं वेगळं आणि पिस्तूल विसरणं वेगळं."

जावई मान खाली घालून जेवत होते. ते भले गृहस्थ आहेत, आमच्या भांडणात पडत नाहीत.

"मी दूध ठेवलं होतं?" मी विचारलं.

"मग कुणी ठेवलं? मांजराने?"

मला आठवत नव्हतं. आणि आठवत नाही म्हणजे ठेवलं नव्हतं, असं कोणत्या तोंडाने म्हणणार? मी गप्प बसलो. गप्प बसण्यात माझा हात कुणी धरू शकणार नाही.

जेवण झाल्यावर मी टार्गेटचा कागद टेबलावर पसरला. पाच भोकं, सगळी डावीकडे. छापखान्यात पान अडलं की मी असंच करत असे. चूक कुणी केली ते सोडून द्यायचं, कशी झाली असेल तेवढं बघायचं.

ट्रिगर ओढायचा तो फक्त एका बोटाने. नवशिक्याला शेवटच्या क्षणी धीर निघत नाही, तो सगळी मूठ आवळतो. उजव्या हाताने मूठ आवळली की नळी डावीकडे खाली झुकते. माझं हे रोजचं. कोचबाईंना मी एकदा म्हटलं होतं, साईटच थोडी उजवीकडे करून टाकू. त्या केवढ्या रागावल्या होत्या! "चूक हाताची आणि शिक्षा साईटला? हात सुधारा, काका." म्हणून माझी साईट मधोमध असते.

साईट ज्या बाजूला सरकवावी त्या बाजूला गोळी जाते, आणि आता ती कुणीतरी डावीकडे आणि वर नेली होती. कुणी आणि कधी नेईल? ज्याच्या गोळ्या उजवीकडे आणि खाली जातात तो.

उजवीकडे आणि खाली.

मी कागद उचलला आणि दिव्यासमोर पालथा धरला. पाठीमागून भोकं उजवीकडे दिसू लागली. छापखान्यात अक्षरांचे शिशाचे खिळे उलटे असतात. वर्षानुवर्षं मी ते तसेच, उलटेच वाचत आलो. आरशातली अक्षरं मला सरळ अक्षरांइतकीच ओळखीची. आणि हा कागद मला अगदी स्वच्छ वाचता आला.

ज्याने माझं पिस्तूल वापरलं, तो अगदी माझ्यासारखाच चुकत होता. फक्त आरशात. तो मूठ आवळत होता, पण डाव्या हाताची.

म्हणजे मी विसरलो नव्हतो! मी खुर्चीतून उठलो, पुन्हा बसलो. इतका आनंद मला कित्येक दिवसांत झाला नव्हता. आणि मग मिस्त्रींचा कानस धरलेला हात आठवला.

४

"म्हणजे तुम्ही मला चोर म्हणताय," मिस्त्री म्हणाले.

"नाही हो. मी फक्त…"

"डावखुरा मीच एकटा, म्हणून मी. वा! उद्या कुणाची चप्पल हरवली की ज्याला दोन पाय आहेत त्याला धरा."

मी मागे फिरलो असतो, पण त्यांनीच हाताने थांबवलं.

"बसा. काय काय हललंय सांगा."

मी साईटचं सांगितलं, नळीचं सांगितलं. तळहाताखालच्या फळीचं सांगितलं.

"फळी?" त्यांनी कानस खाली ठेवली. "फळी कशाला हलवावी लागली?"

"वर चढवलीय. हाताला चावते."

"ऐका. मूठ काढायची असेल तर तिचा स्क्रू फळीमागे असतो. फळी सरकवल्याशिवाय मूठ निघत नाही. म्हणजे कुणीतरी तुमची मूठ काढली होती, दुसरी बसवली, आणि मग तुमची परत लावली." ते पुढे झुकले. "आता हे बघा."

त्यांनी टेबलावरची एक रायफल दाखवली. प्रत्येक स्क्रूशेजारी पेन्सिलची बारीकशी खूण होती. "काही सैल करण्याआधी मी खूण करतो. गिऱ्हाईकाची वस्तू जशी होती तशीच परत गेली पाहिजे. तुमची फळी मी सरकवली असती, तर ती केसभर इकडची तिकडे झाली नसती. अहो, तुम्ही ती ढिली ठेवता, मला माहीत आहे. चुकीचं आहे ते. पण तुमचं आहे, मी कोण बदलणारा?"

"चुकीचं आहे?"

"मग काय? फळी तळहाताला भिडलीच पाहिजे. ज्याने ती वर चढवली, त्याने बरोबर केलं."

मी त्यांच्याकडे पाहत राहिलो. मुद्रितं तपासणारे दोन जातीचे असतात. एक मूळ प्रतीप्रमाणे बघतो, जसं लिहिलंय तसं आलं की पुढे. दुसऱ्याला राहवत नाही. लेखकाने चुकीचं लिहिलेलंही तो हळूच बरोबर करून ठेवतो, आणि नंतर त्यालाच आठवत नाही की आपण काही बदललं.

"मिस्त्री, त्या भिंतीवरचा तो पंजा. अंगठा उजवीकडे असलेला. तो कागद उलटा टांगलाय ना?"

ते एकदम कानस शोधू लागले. ती समोरच होती.

"माझ्या भिंतीवर काही उलटं नसतं," ते म्हणाले. "आणि कुणाचा आहे ते विचारू नका. गिऱ्हाईकाने गुपित ठेवायला सांगितलंय. मी एवढंच केलंय, लाकूड कोरून दिलंय. ते कशावर बसवतात ते मी विचारलं नाही."

मी भिंतीजवळ गेलो. डाव्या हाताचा पंजा, लांब सडपातळ बोटांचा. मिस्त्रींचा हात त्यात मावलाच नसता. नियमसाहेबांची बोटं आखूड आणि गुबगुबीत. उरल्या दोन स्त्रिया.

डेंटिस्ट मॅडमकडे किल्ली नव्हती, आणि उजव्या हाताने सुवर्णपदक मिळवणारी बाई डाव्याने नवशिकी कशाला होईल?

आणि दुसरी? छे. तिने तर जन्मात साईटला हात लावला नसता. हाताची शिक्षा साईटला देऊ नका, हे तिचंच वाक्य होतं.

पण सवयी पाहा. नळी निष्णात माणसासारखी साफ केलेली. फळी जशी हवी तशी लावलेली. सवयी पट्टीच्या नेमबाजाच्या आणि हात नवशिक्याचा. ही दोन माणसं एकाच कातडीत कशी राहतील?

उत्तर माझ्या समोर रोज हातात शिट्टी घेऊन उभं असायचं.

५

कोचबाई एके काळी फार मोठ्या नेमबाज होत्या. अपघातात कोपराची शीर दुखावली आणि उजव्या हाताची दोन बोटं बधिर झाली. त्यानंतर त्यांनी सगळ्यांसमोर सांगितलं, "आता मी फक्त शिकवणार." पिस्तूल त्यांनी विकलं. ते घेणारा मी. मिस्त्रींनी त्यावर माझ्या हाताची मूठ बसवली होती.

शुक्रवारी सकाळी रेंज रिकामी होती. मी रात्रभर उलटसुलट वाक्यं जुळवली होती. सगळी एखाद्या वकिलाच्या तोंडची वाटत होती. शेवटी मी एकच ठेवलं.

"बाई, माझी फळी जरा नीट लावून देता? हाताला बसत नाही."

"आणा."

त्यांनी स्क्रू ड्रायव्हर घेतला. डाव्या हातात. तोवर मी त्यांना चहाचा कप, खडू, शिट्टी, सगळं डाव्या हातात धरताना कितीदा पाहिलं होतं आणि कधीच पाहिलं नव्हतं. त्यांनी माझा हात मुठीवर ठेवला, फळी खाली ओढली, पुन्हा वर चढवली. बरोबर जिथे होती तिथे.

"अशी भिडली पाहिजे," त्या म्हणाल्या.

"हो. बुधवारी ती अशीच होती. पण बाई, माझी बोटं सकाळी सुजतात. म्हणून मी ती नेहमी ढिली ठेवतो."

त्यांचा हात स्क्रूवरच थांबला.

दूरच्या टार्गेटचा एक कागद वाऱ्याने फडफडत होता. मी तिकडे पाहू लागलो. कुणाच्या चेहऱ्याकडे अशा वेळी पाहू नये.

"कधी कळलं?" त्यांनी विचारलं.

"गोळ्या डावीकडे गेल्या तेव्हा काहीच कळलं नाही. पण कागद पालथा केला आणि मीच दिसलो. डावखुरा मी."

त्या बाकावर बसल्या. "मंगळवारी सकाळी. नळी साफ केली, तुमची मूठ परत बसवली, साईट तेवढी मधे आणायची राहिली. रोज सगळ्यात शेवटी आणते. तेवढ्यात नियमसाहेबांची स्कूटर वाजली. ते कधी लवकर येतात का? त्याच दिवशी आले." मग त्या हसल्या, पण ते हसू काही खरं नव्हतं. "सगळ्यांना सांगते, साईटला हात लावू नका. आणि मी काय केलं? गोळ्या उजवीकडे गेल्या की साईट डावीकडे. चार दिवस धीर नाही निघाला मला. मला!"

"माझंच पिस्तूल का पण?"

"तुमचं?" त्यांनी त्यावरून अंगठा फिरवला. "काका, दुसऱ्या कुठल्याच ट्रिगरवर माझं बोट थांबत नाही. खूप बघितले. पण विकलेली वस्तू परत कशी मागायची? आणि मागितली असती तर तुम्ही सगळ्यांसमोर दिली असतीत. मग सगळे बघायला उभे राहिले असते, बाई कशा चुकतात ते."

"मी रोज सगळ्यांसमोर चुकतो."

"तुमची गोष्ट वेगळी."

"कशी?"

त्या स्क्रू ड्रायव्हर पुसू लागल्या. मला वाटतं, आयुष्यात पहिल्यांदाच मी कुणाला कोंडीत पकडलं असेल, आणि लगेच मला वाईटही वाटलं. म्हणून मी घाईघाईने बोलून टाकलं, "असं करू. उद्या मी कमिटीला सांगतो की मीच तुम्हाला परवानगी दिली होती. सांगायचं विसरलो."

बाई उठून उभ्या राहिल्या.

"काय बोलताय? नियमसाहेबांनी मला फोनचं सांगितलंय. तुमच्या मुलीला हेच हवंय ऐकायला? विसरलो म्हणून?" त्यांनी पिस्तूल पेटीत ठेवलं आणि पेटी माझ्या हातात दिली. "माझी लाज वाचवायला तुम्ही वेडे ठरणार? नको. उद्या तुम्ही एक शब्द बोलायचा नाही. ते तुम्हाला जमतं."

आणि त्या ताडताड निघून गेल्या. बैठकीत त्या काय बोलणार, त्याचे परिणाम कुणावर होणार, रेंज चालू राहणार की नाही, यातलं काहीही मला सांगितलं नाही.

६

शनिवारी नियमसाहेबांच्या खोलीत कमिटीचे लोक दाटीवाटीने बसले होते. माझी मुलगीही आली होती, जावयांना घेऊन. मला कोपऱ्यातलं स्टूल मिळालं.

"बोला काका," नियमसाहेब म्हणाले. "वापरलं, की विसरलात?"

"मी वापरलं," बाई दारातून म्हणाल्या.

त्यांनी सगळं सांगितलं. न सजवता, न रडता. शेवटी पर्समधून अक्रोडाची एक मूठ काढून टेबलावर ठेवली. डाव्या हाताची. तिच्या शेजारी किल्ली ठेवली.

"पिस्तूल आवाराबाहेर नेलं नाही. माझं स्वतःचं लायसन्स चालू आहे. पण काकांना न विचारता वापरलं, ही चूक माझी. काय ठरवायचं ते ठरवा. काकांच्या आठवणीत काही खोट नाही. फळीची, साईटची, नळीची, माझी प्रत्येक चूक त्यांनी पकडली."

नियमसाहेबांनी नियमांचं पुस्तक उघडलं. मी इतकं सावकाश पान उलटताना कुणाला पाहिलेलं नाही. डेंटिस्ट मॅडम पुटपुटल्या, "दाढ काढायलासुद्धा मी इतका वेळ लावत नाही."

"शस्त्र आवारातच राहिलं," ते अखेर म्हणाले, "वापरणाऱ्याकडे लायसन्स होतं, आणि मालकाची तक्रार…" त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "मालकाची तक्रार आहे का?"

"आहे," मी म्हणालो. सगळे वळले. "नळी इतकी स्वच्छ केली की मला माझं पिस्तूल ओळखू येईना."

आधी मिस्त्री हसले, मग बाकीचे. नियमसाहेब हसले नाहीत. पण त्यांनी पुस्तक मिटलं.

"तर मग वर कळवण्यासारखं यात काही नाही. मात्र किल्ली जमा. वर्षभर बाईंना खोलीची किल्ली मिळणार नाही. आणि इथून पुढे ते पिस्तूल वापरायचं असेल तर मालकाची लेखी संमती आणि मालक शेजारी हजर. मान्य?"

"मान्य," बाई म्हणाल्या.

"मान्य," मीही म्हणालो, जरा मोठ्यानेच.

नियमसाहेबांनी माझी शिफारस पुढे ओढली आणि सही केली. मुलगी बघत होती. तिचं तोंड एवढंसं झालं होतं. "पण बाबा, ते दूध…"

"मला त्याचाही विचार करायला वेळ मिळाला," मी म्हणालो. "डॉक्टरांनी मला दूध बंद केल्यापासून मी काळा चहा पितो. भांडं जळालं त्या दिवशी घरात दूध लागणारा माणूस कोण होता?"

जावईबापूंनी खुर्चीतल्या खुर्चीत अंग चोरलं.

"मॅच चालू होती," ते म्हणाले. "मला वाटलं, बाबा काही बोलत नाहीत, म्हणजे बहुतेक त्यांनीच… नंतर सांगायचं राहून गेलं."

"राहून गेलं?" मुलगी म्हणाली. "घरी चला, दाखवते." मग ती माझ्याजवळ आली आणि माझ्या शर्टाची कॉलर उगाचच सारखी केली. माझ्याशी ती जे बोलली ते नेहमीच्या खणखणीत आवाजात बोलली. "छत्री घेतलीत का बाबा? नाही ना? मला वाटलंच."

इतकं गोड मला कुणी रागावलं नव्हतं.

पुढच्या आठवड्यात बाई पहिल्यांदा सगळ्यांसमोर उभ्या राहिल्या. मिस्त्रींनी स्वतः मूठ बदलून दिली, खुणा करून. मी शेजारी, नियमाप्रमाणे हजर. साईट मधोमध. पहिल्या पाच गोळ्या उजवीकडे खाली विखुरल्या. कुणी हसलं नाही. खरं तर कुणी बघतच नव्हतं. प्रत्येक जण आपापल्या चुकांत गढलेला होता.

बाईंनी मफ्स एका कानावरून सरकवले. "काय चुकतंय, काका?"

मला वाटलं, माझी थट्टा करताहेत. पण त्या खरंच विचारत होत्या.

"शेवटच्या क्षणी तुम्हाला वाटतं, आता सुटायलाच हवी," मी म्हणालो. "मग सगळी मूठ मिळून ओढते. बोटाला एकट्याला सोडा. गोळी सुटली तर सुटली, नाही तर नाही. आपण कुठे घाईत आहोत?"

"हे तुम्हाला माहीत आहे आणि तुम्ही करत नाही?"

"माहीत आहे म्हणून जमलं असतं तर तुम्हालाही जमलं असतं."

त्या हसल्या, या वेळी खरंच. पुढच्या पाचांतली एक काळ्यात गेली. अगदी कडेला, पण काळ्यात. बाईंच्या तोंडून जो आवाज निघाला तो एखाद्या शाळकरी मुलीचा होता. मग मूठ बदलली, मी उभा राहिलो आणि माझ्याही दोन काळ्यात गेल्या. आम्ही दोघांचे कागद पाठीला पाठ लावून खिडकीसमोर धरले. भोकं जवळजवळ एकावर एक येत होती.

जायची वेळ झाली. मी सवयीने चिंधी फिरवली, तेलाचा थेंब सोडला आणि पेटी मिटायला घेतली. मग ओशाळून थांबलो.

"साफ तुम्हीच करा बाई. माझ्याने तुमच्यासारखी लखलखीत होत नाही."

बाईंनी नळीत डोळा लावला. कडेची राखाडी छटा त्यांना दिसली असणारच. त्यांचा हात चिंधीकडे गेला, तिथे क्षणभर घुटमळला आणि परत आला.

"राहू दे," त्या म्हणाल्या आणि पेटीचं झाकण त्यांनीच मिटलं. "कुणीतरी वापरलंय, ते दिसू दे."